पूर्व विदर्भातल्या उसाला निरोगी बेणे मिळावे : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल तेव्हा आमच्या मौदा तालुक्यात ऊसतोडणी सुरू झालेली असेल. पेंच कालव्याखालची आमची वावरे विधान भवनापासून तासाभराच्या अंतरावर आहेत. तिथे येऊन आपण एकदा खोडवा उसाचे, म्हणजे तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटलेल्या उसाचे, वावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी दोन एकरांत ऊस घेतो. मागच्या लागवडीचे बेणे, म्हणजे लावायच्या उसाच्या कांड्या, एका व्यापाऱ्याच्या ट्रकमधून आले. जात ‘फुले 265’ असल्याचे तोंडी सांगितले गेले. ते कोणत्या मळ्यातले, किती महिन्यांचे, त्यावर कोणती प्रक्रिया झाली, याचा एकही कागद सोबत नव्हता. लागवडीचा ऊस एकरी 31 टन निघाला, म्हणून मी समाधान मानले आणि खोडवा राखला. दोन महिन्यांनी एका सरीतली 40 बेटे मोजली, तर त्यांतल्या 11 बेटांत उसाऐवजी फिक्कट, पांढुरके, गवतासारखे बारीक फुटवे होते. त्यांना कांडी धरत नाही. पुढच्या सरीत तीन बेटांच्या शेंड्यातून काणी या बुरशीजन्य रोगाचा काळा चाबूक बाहेर आला होता, आणि बोट लावताच काजळीसारखी भुकटी हातावर उतरत होती. चाबकांवर प्लॅस्टिकची पिशवी चढवून मी ती बेटे मुळासकट काढली आणि जाळली, पण तोवर वाऱ्याने आपले काम केलेले होते. त्या खोडव्याने एकरी 14 टन दिले.

महोदय, गवताळ वाढ आणि काणी हे दोन्ही रोग प्रामुख्याने बेण्यातून येतात. एकदा टिपरी (बेण्याची कांडी) रोगट निघाली की पुढे कोणतीही फवारणी ते बेट बरे करीत नाही, त्यामुळे शेतकऱ्याचा खरा बचाव लागवडीआधीच होऊ शकतो. उपाय जुना आणि सिद्ध आहे. बेण्यावर सुमारे 54 अंश सेल्सिअसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेची प्रक्रिया करायची, त्यापासून मूलभूत, मग पायाभूत आणि मग प्रमाणित असे तीन टप्प्यांत बेणे वाढवायचे आणि दर तीन-चार वर्षांनी शेतकऱ्याने ते बदलायचे. हे ज्ञान याच राज्यात आहे. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र 1932 पासून आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट 1975 पासून हे काम करीत आहे. मात्र मांजरीहून नागपूर सातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि एका एकरासाठी लागणारे अडीच-तीन टन बेणे एवढा प्रवास करून आले की त्याचे डोळे, म्हणजे ज्यांतून फुटवा येतो ते कोंब, सुकतात, ठेचले जातात. मग शेतकरी जवळच्या ट्रकवाल्याकडे वळतो. यात त्याचा दोष मला दिसत नाही.

किडीचेही तसेच आहे. आमची बहुतेक लागवड सुरू हंगामातली, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली. कोवळे फुटवे नेमके मार्च ते मे या काळात असतात, जेव्हा नागपुरात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि कोरड्या उष्णतेत खोडकिडा बळावतो. सुकलेला पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने) धरून ओढला की सहज हातात येतो आणि त्याच्या बुडाशी कुजका वास येतो. हा वास आमच्याकडच्या प्रत्येक ऊसवाल्याला ठाऊक आहे. वेळेवर बाळबांधणी (कोवळ्या उसाच्या बुडाशी माती लावणे), सरीत पाचटाचे आच्छादन आणि हलके पण वारंवार पाणी यांनी पुष्कळ फरक पडतो. खोडकिड्याची अंडी नष्ट करणाऱ्या परोपजीवी कीटकांचे कार्ड, म्हणजे ट्रायकोकार्डही उपयोगी आहे, पण त्यावरील अंड्यांतून परोपजीवी कीटक थोड्याच दिवसांत बाहेर पडतात. मी एकदा कुरिअरने मागवलेली कार्डे उघडली, तेव्हा चिमुकले कीटक पाकिटातच मरून पडले होते. हे कार्ड सकाळी तयार व्हावे आणि संध्याकाळी वावरात लागावे, इतक्या जवळ प्रयोगशाळा हवी. 2002 साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी माव्याने हाहाकार उडवला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक तिथेच वाढवून शेतांत सोडले गेले. ती तत्परता आमच्या वाट्यालाही यावी.

विदर्भात ऊस कशाला, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो चुकीचा नाही. पेंचचे पाणी नागपूर शहरही पिते, आमचे धानही त्याच पाण्यावर आहे. म्हणून मी उसाचे क्षेत्र वाढवा असे म्हणत नाही. रोगट खोडवाही जवळपास तितकेच पाणी पितो आणि 14 टन देतो, याकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे.

नागपुरात 1906 पासून कृषी महाविद्यालय आहे, कापसाची आणि संत्र्याची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, माती सर्वेक्षणाची संस्थाही आहे. उसासाठी नवी इमारत उभारण्याची गरज नाही. कृषी महाविद्यालयाच्या प्रक्षेत्रावर वीस-पंचवीस एकरांचा त्रिस्तरीय बेणेमळा, एक उष्ण-बाष्प प्रक्रिया संयंत्र, एकेका डोळ्यापासून रोपे वाढवणारी रोपवाटिका आणि ट्रायकोकार्डाची एक खोली एवढे झाले, तरी नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांतल्या ऊस उत्पादकांची सोय होईल. सोबत एक नियम करावा : बेणे विकणाऱ्याने जात, वय, मळा आणि प्रक्रिया लिहिलेली सही-शिक्क्याची चिठ्ठी दिलीच पाहिजे. उत्तर भारतात को 0238 या एकाच जातीवर विसंबून लाल कूज रोगाने शेतकऱ्यांचे किती नुकसान झाले, हे आपल्या खात्याला माहीत आहे. जात कोणती हेच जिथे कळत नाही, तिथे असा रोग शिरला तर तो शोधायचा कुठून, हा माझा प्रश्न आहे.

या अधिवेशनात या बेणेमळ्याच्या तरतुदीची घोषणा व्हावी, म्हणजे येत्या सुरू हंगामात मूलभूत बेण्याची लागवड करता येईल आणि त्यापुढच्या वर्षी पायाभूत बेणे तयार होईल. आपण येणार असाल तर सकाळी लवकर यावे. ऊन चढण्याआधी रोगट बेटे लांबूनही ओळखू येतात. धुऱ्यावर मी उभा असेन.

आपला नम्र,
एक ऊस उत्पादक शेतकरी
तालुका मौदा, जिल्हा नागपूर