पगार विचारता तसं आय-१४० पण विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या नोकऱ्यांवर लेख आला होता, पॅकेज किती, बचत किती सगळं होतं, पण ती नोकरी कुठल्या व्हिसावर आहे त्यावर घरातलं रोजचं जगणं कसं ठरतं यावर एक ओळ नव्हती, म्हणून लिहितेय. मी मूळची नाशिकची, आता डॅलसजवळ राहते, नवरा एच-१बी वर (कंपनीने काढून दिलेला नोकरीचा व्हिसा) आणि मी एच-४ वर (त्याच्या बायकामुलांचा व्हिसा), म्हणजे त्याची नोकरी आहे तोवर मी इथे.

गाडीचंच घ्या. टेक्सासमध्ये गाडीशिवाय साधं दूध आणायची सोय नाही आणि आमच्या लायसन्सवरची तारीख म्हणजे व्हिसाच्या कागदावरची तारीख, ती मुदत संपली की लायसन्सही संपलं. मागच्या खेपेला काउंटरवरच्या बाईंनी कागद उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, नवीन तारखेची नोटीस आली की या. ती येईपर्यंत मुलीला शाळेत सोडायला रोज कोणाला तरी फोन करायचा, आणि रोज कोणाला किती त्रास देणार हो.

नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस, तेही २०१७ पासून मिळायला लागले. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने पिटिशन, म्हणजे व्हिसासाठीचा अर्ज, भरायला हवं, नाहीतर व्हिसा बदला किंवा सामान बांधा. २०२२-२३ च्या लेऑफमध्ये आमच्या ओळखीतल्या एका घरात हे झालं, फर्निचर विकायला काढायचं का थांबायचं, भाड्याचा करार मोडला तर दंड किती, पोराचं शाळेचं वर्ष अर्धवट टाकायचं का, रोज रात्री हेच. शेवटी कमी पगाराची नोकरी मिळाली आणि त्यांनी मुकाट्याने घेतली. बॉस कसाही वागला तरी आमच्यातले लोक ब्र काढत नाहीत ते याच्यामुळे. आखातात कफीलच्या (ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या मालकाच्या) हाताखाली राबणाऱ्यांपुढे आमचं दुःख लहान आहे हे मला कळतं, पण दोरी मालकाच्याच हातात.

ग्रीनकार्ड, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, म्हणाल तर नोकरीवाल्यांसाठी वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, त्यातच बायकामुलं मोजायची, आणि एका देशाला साधारण ७ टक्के, त्यामुळे भारतीयांची रांग दहा वर्षांच्या वर गेलीय. तोवर मुलं २१ ची झाली की आईवडिलांच्या व्हिसातून बाहेर, मग दोन वर्षांची असताना आलेल्या पोरानेसुद्धा स्वतःचा स्टुडंट व्हिसा काढायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी वर एक लाख डॉलर फीची बातमी आली तेव्हा सुट्टीवर भारतात आलेले लोक आहे त्या कपड्यांत परत निघाले, ती फी नव्या अर्जांना आहे हा खुलासा नंतर आला. गावाकडचे म्हणतात अमेरिकेत गेलीस आणि आईवडिलांना विसरलीस. अहो, स्टॅम्पिंगची, म्हणजे परत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसा लावून घ्यायची, अपॉइंटमेंट मिळाल्याशिवाय निघायची हिंमतच होत नाही.

एक विनंती आहे, हे जरूर छापा. मुलीला परदेशातलं स्थळ बघताना पगार विचारता, घर विचारता, तसं मुलाचं आय-१४०, म्हणजे त्याच्या ग्रीनकार्डसाठी कंपनीने भरायचा अर्ज, अप्रूव्ह झालंय का तेही विचारा. एच-४ वरच्या बायकोला कामाची परवानगी मे २०१५ पासून मिळते, पण सहसा ते अप्रूव्ह असेल तरच. मी इंजिनिअर आहे, चांगली नोकरी सोडून आले, आणि लग्नाच्या बैठकीत हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हता.

एक वाचक, डॅलस