जुना ड्राइव्ह शाफ्ट दुकानात देऊन येऊ नका

मा. संपादक,

बाहेरून आयात झालेल्या जुन्या फोर बाय फोर गाड्यांना ड्राइव्ह शाफ्ट शोधताना जी फसवणूक चालते तिच्याबद्दल लिहितोय. हा पार्ट म्हणजे गाडीची ताकद चाकापर्यंत पोचवणारा दांडा, सीट कव्हर नाही, घाटात तुटला तर माणसाच्या जिवावर बेततं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, जागा द्यावी ही विनंती.

माझ्याकडे २००९ची सुझुकी ग्रँड विटारा आहे, २.४ लिटर पेट्रोल, जपानहून अख्खी तयार होऊन यायची ती. २०२२ला त्याच नावाची नवीन गाडी आली ती पूर्ण वेगळी, भारतातच बनते, पण ऑनलाइन नाव टाकलं की नवीनचेच पार्ट समोर येतात आणि काउंटरवरचा पोरगाही तेच काढून ठेवतो. जुनीला कायम चारही चाकांना ताकद जाते आणि चारही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणजे चार शाफ्ट, प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चाक वळलं तरी फिरत राहणारा जॉइंट आणि प्रत्येक जॉइंटवर ग्रीस आत धरून ठेवणारं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, म्हणजे आठ बूट झाले. आमचं शेत तापोळ्याच्या बाजूला, पावसाळ्याचे चार महिने नुसता तांबडा चिखल, एक बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत, मग स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टक टक टक सुरू होतं. ते ऐकूनही गाडी तशीच रेटणारे खूप जण आहेत, कृपा करून तसं करू नका.

माझ्या पुढच्या डाव्या चाकाचं तेच झालं होतं. एका मोठ्या मार्केटमधल्या दुकानातून नवीन शाफ्ट घेतला, साडेनऊ हजार, दुकानदार म्हणाला जपानचाच माल आहे साहेब, आणि वर म्हणाला जुना ठेवून जा, दोन हजार कमी करतो. मी ठेवून आलो. इथेच चुकलं. ओरिजिनल शाफ्टचा दांडा ठणठणीत होता, आतला जॉइंट चांगला होता, खराब होता तो फक्त बाहेरचा जॉइंट, म्हणजे तेवढाच बदलून नवीन बूट घातला असता तर काम झालं असतं. आणि असे गोळा केलेले ओरिजिनल शाफ्ट साफ करून, काळा रंग मारून दुसऱ्याला नवीन म्हणून विकले जातात हे मला मागाहून कळलं.

तो नवीन शाफ्ट आठ महिने टिकला. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरायच्या घाटात, परत येताना, चढावर, वळणात कडाक् असा आवाज झाला आणि गाडी थांबली, गिअर पडलाय, इंजिन ओरडतंय पण चाकाला काही नाही, उलट मागे सरकायला लागली, मागच्या सीटवर आई आणि दोन मुलं. हँडब्रेक ओढला. ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी हे लक्षात ठेवा, पुढचा एक शाफ्ट तुटला की मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअर, सगळी ताकद त्या तुटलेल्या बाजूला सोडून देतो आणि गाडी जागची हलत नाही. नॉब फोर एच लॉकला, म्हणजे तो मधला डिफरन्शियल लॉक करायच्या खुणेला, घेतला तेव्हा कुठे मागच्या चाकांना ताकद मिळाली आणि दहाच्या स्पीडने वरपर्यंत आलो.

साताऱ्यात आमच्या फिटरमामांनी बूट कापला आणि जॉइंट ट्रेमध्ये उलटा केला. सहापैकी चार गोळ्या ग्रीसबरोबर खाली पडल्या, त्यांना धरून ठेवणारी जी रिंग असते, पिंजरा म्हणतात, तिचे तीन तुकडे, आणि ग्रीस सगळं चंदेरी चमकत होतं, म्हणजे लोखंड झिजून त्यात मिसळलेलं. मामांनी गोळ्यांच्या खोबणीवर कानस फिरवली तर कानस चक्क चावली. "हे बघा दादा, पाणीच दिलेलं नाही याला," म्हणाले. पाणी देणं म्हणजे लोखंड तापवून थंड करून कडक करणं, बरोबर पाणी दिलेल्या जॉइंटवर कानस नुसती घसरते. वरून बघायला दोन्ही सारखेच दिसतात, आटेही जुळतात, लांबीही जुळते, म्हणून माझ्यासारखा माणूस फसतो.

शेवटी जुन्या ओरिजिनलच्या मागे लागलो. आरसी बुकातला चेसिस नंबर, जपानच्या गाडीचा जे अक्षराने सुरू होतो, त्यावरून पार्ट नंबर काढला आणि तो नंबर धरूनच विचारत सुटलो, पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीच्या काश्मिरी गेटला फोन. भाचा शारजाला आहे, तिकडे जुन्या पार्टचा मोठा बाजार आहे, त्यालाही कामाला लावलं. जपानमध्ये ही गाडी एस्कुडो नावाने विकायचे, त्या नावाने शोधलं तरी बरंच सापडतं. नाना पेठेत एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, हा अपघातातल्या गाडीचा आहे, जुना आहे, उघडून बघा आणि मग पैसे द्या. मामांनी तिथेच उघडून बघितला, खोबणी आरशासारखी. नवे बूट, नव्या पट्ट्या आणि जॉइंटसाठी येतं ते मॉलीवालं काळं ग्रीस घातलं, चाकाच्या बेअरिंगचं पिवळं नाही. दोन वर्षं झाली, आवाज नाही. चांगल्या कंपनीचा नवा जॉइंट मिळाला तर उत्तमच, एनटीएन, जीकेएन वगैरे नावाजलेली नावं आहेत, पण नाव बघून भुलू नका, खोके पण छापून मिळतात.

आता मागणी. पाकीटबंद मालावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव पत्ता, कुठल्या देशाचा, महिना वर्ष, एमआरपी हे छापणं २०११च्या नियमांनुसार सक्तीचं आहे. मला मिळालेल्या खोक्यावर यातलं काहीही नव्हतं आणि बिल म्हणून कच्ची चिठ्ठी. आपल्या वैधमापन शास्त्र यंत्रणेने, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या खात्याने, पेट्रोल पंप तपासतात तशी स्पेअर पार्टची मार्केटंही तपासावीत, आणि दुरुस्त केलेला पार्ट असेल तर तसं बिलावर लिहायला लावावं, जुना विकायला माझी ना नाही, जुना नवीन म्हणून विकायला आहे. केंद्राने डिसेंबर २०२२मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात गाड्या पण आहेत, मग बंद झालेल्या आयात मॉडेलचे पार्ट नंबर आणि मापं कंपन्यांकडून घेऊन तिथे टाकायला काय हरकत आहे? पंधरा वर्षांनंतर आयात चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२पासून ४० हजार केलीय, आधी १५ हजार होती. ते पैसे भरून गाडी रस्त्यावर ठेवायची परवानगी मिळते तर ती सुरक्षित ठेवायला खात्रीचा पार्ट पण मिळायला पाहिजे ना.

कुणाची अशी फसवणूक झाली असेल तर पक्कं बिल घ्या, खोक्याचा फोटो काढून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ला तक्रार करा. माझ्या तुटलेल्या जॉइंटचे तुकडे, गोळ्या आणि ते कोरं खोकं मी जपून ठेवलंय, यंत्रणेतल्या कुणाला तपासायचं असेल तर साताऱ्यातल्या ऑफिसला स्वतः घेऊन येतो.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा