हेन्सनची वाट कुठल्या बर्फावर शोधणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला मॅथ्यू हेन्सनवरचा लेख वाचला. अमेरिकी संशोधक रॉबर्ट पिअरीच्या १९०९च्या उत्तर ध्रुव मोहिमेतल्या या कृष्णवर्णीय माणसाला मराठीत पानभर जागा मिळाली, याबद्दल आपले आभार. पण त्याच्या आजच्या वंशजांनी ‘त्याच वाटेने, त्याच पद्धतीने’ उत्तर ध्रुवावर जाऊन पर्यावरणाचा संदेश द्यावा, ही लेखातली सूचना वाचून हसावे की रडावे ते कळेना. सोबतच्या नकाशात कॅनडाच्या उत्तर टोकाच्या केप कोलंबियापासून ध्रुवापर्यंत सरळ लाल रेघ ओढली आहे. जणू पुणे-नाशिक रस्ताच!

ते सगळे अंतर समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचे आहे. वारा आणि प्रवाह हा बर्फ रोज काही किलोमीटर सरकवतात. दिवसभर उत्तरेकडे चाललेली माणसे रात्री तंबूत झोपतात आणि सकाळी उठून पाहतात तर आदल्या दिवशीची बरीचशी चाल वाया गेलेली असते. हेन्सन ज्या बर्फावरून गेला तो वाहत जाऊन केव्हाच वितळला. ‘त्याच वाटेने’ म्हणजे फार तर ‘त्याच किनाऱ्यावरून निघून’. तो किनाराही तसा उरलेला नाही. केप कोलंबियाच्या पश्चिमेला, एल्समीअर बेटाच्या कडेने जमिनीला धरून असलेले जाड हिमफलक पिअरीने १९०६ साली पाहिले होते. त्यातला आयल्स फलक २००५ साली सुटून गेला आणि मिल्न फलकाचा ४० टक्क्यांहून जास्त भाग जुलै २०२०च्या अखेरीस तुटला. पर्यावरणाचाच विषय होता ना? मग लेखात यावर एक ओळही का नसावी?

आता अंतर. आपण ‘४१३ मैल, म्हणजे ६६४ किलोमीटर’ छापले आहे. ते सागरी मैल आहेत. केप कोलंबिया ८३ अंश ७ मिनिटांवर आहे. तिथून ध्रुव ६ अंश ५३ मिनिटे, म्हणजे ४१३ मिनिटे, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. १.८५२ने गुणले की ७६५ किलोमीटर होतात. शंभर किलोमीटर गेले कुठे? दिवसाला वीस किलोमीटरची चाल धरली तरी हे पाच दिवसांचे अन्न आणि इंधन आहे. आपल्या आकड्यावर विसंबून कोणी घसरगाडी भरली, तर तो ध्रुवाच्या अलीकडेच उपाशी बसेल. पिअरीचा हिशेब किती काटेकोर होता ते पाहा: माणशी रोज एक पौंड पेमिकन (वाळवलेले मांस आणि चरबी यांचे मिश्रण), एक पौंड बिस्किटे, चार औंस आटवलेले दूध, अर्धा औंस चहाची वडी आणि सहा औंस इंधन. कुत्र्याला रोज एक पौंड पेमिकन. किनाऱ्यावरून निघाले २४ माणसे, १९ घसरगाड्या आणि १३३ कुत्रे. पुढची तुकडी वाट काढणार, मागच्या तुकड्या सामान पोचवून एकेक करून परतणार. शेवटच्या टप्प्यात उरले सहा जण, पाच गाड्या आणि ४० कुत्रे. आणि दमलेला कुत्रा मारून बाकीच्यांना घालायचा, हाही ‘त्याच पद्धती’चाच भाग होता. जागृतीच्या पत्रकात हे कलम घालणार आहात का?

लेखात हेन्सनला ‘पिअरीचा विश्वासू सेवक’ म्हटले आहे. हा ‘सेवक’ घसरगाड्या बांधत होता, बारा-तेरा फूट लांब, ओकच्या फळ्या कातडी वाद्यांनी आवळून. खिळे मारले तर खडबडीत बर्फावर सांधा तडकतो, वादी मात्र लवते. इन्युइटांची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा त्याला येत होती आणि कुत्री हाकण्यात त्याचा हात धरणारा दुसरा गोरा-काळा पाहुणा त्या मोहिमेत नव्हता.

उघड्या पाण्याचे काय, तेही लेखकाने सांगायला हवे होते. १९०९च्या मार्चमध्ये एका मोठ्या भेगेपाशी पिअरीची माणसे पाणी गोठण्याची वाट पाहत सहा दिवस बसून होती. आज जलरोधक पोशाख चढवून पोहून जातात आणि तरंगणारी गाडी दोरीने ओढून घेतात. नवा खारा बर्फ काचेसारखा फुटत नाही, पायाखाली लवतो. म्हणून आधी काठीने ठोकून पाहायचे. पहिल्या फटक्यात आरपार गेली तर मागे फिरायचे, तिसऱ्या फटक्यालाही बर्फ टिकला तर पाऊल टाकायचे. झोपायच्या पिशवीत घामाची वाफ गोठून पिशवी रोज जड होत जाते, म्हणून आत वाफ अडवणारे अस्तर लागते. हेन्सनच्या तुकडीला ही कटकट नव्हती. ती माणसे बर्फाच्या घरात फरच्या कपड्यांतच झोपायची.

राहिला परतीचा प्रश्न. पिअरी-हेन्सन सोळा दिवसांत बर्फावरूनच किनाऱ्याला लागले. २००५ साली ब्रिटिश साहसवीर टॉम एव्हरीच्या तुकडीने कुत्री आणि जुन्या धर्तीच्या गाड्या घेऊन ३७ दिवसांच्या आत ध्रुव गाठला, पण परतली विमानाने. बाहेरून कुठलीही मदत न घेता ध्रुवावर जाऊन किनाऱ्याला परत आले ते १९९५ साली कॅनडाचा वेबर आणि रशियाचा मालाखोव, दोघेच. म्हणजे आजच्या मोहिमेला ट्विन ऑटर विमान आलेच. कॅनडातल्या रेझोल्यूटहून ध्रुव सुमारे १,७०० किलोमीटर. जाऊन-येऊन बारा-तेरा तास, ताशी तीनशे लिटरच्या वर इंधन, म्हणजे एका खेपेला चार हजार लिटरच्या आसपास. वाटेत एल्समीअर बेटावरच्या युरेकाला इंधन भरले तरी तिथून जाऊन येणे एका टाकीत होत नाही. पिंपे विमानात न्यायची, नाहीतर सरकत्या बर्फावर ठेवून पुन्हा शोधायची. एवढे इंधन जाळून संदेश कसला देणार?

जायचेच असेल तर निदान बर्फाची जाडी मोजत जावे. २००९ साली ब्रिटिश साहसवीर पेन हॅडोच्या तुकडीने ते केले. रडार थंडीत बंद पडले, तेव्हा हाताच्या गिरमिटाने भोके पाडली. सरासरी जाडी भरली १.८ मीटरच्या आसपास. ती तुकडी ध्रुवापर्यंत पोचलीही नाही, तरी नोंदी कामाच्या ठरल्या. अशा नोंदींचे काय करतात हे आपल्या वार्ताहराला गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात विचारता आले असते. त्यांचे ‘हिमाद्री’ स्थानक २००८पासून नॉर्वेच्या उत्तरेला स्वालबार्ड बेटांवर आहे. गोवा काही ध्रुवावर नाही.

आणि वंशजांना ‘प्रेरणा’ द्यायला आपण कोण? हेन्सनचा मुलगा अनाउकाक १९०६ साली ग्रीनलंडमध्ये जन्मला आणि तिथेच शिकारी म्हणून जगला. वडिलांच्या देशातले नातेवाईक त्याला भेटले ते १९८७ साली, ऐंशीच्या घरात असताना. त्या घराण्यातली माणसे आजही वायव्य ग्रीनलंडच्या कानाक परिसरात आहेत. तिथला समुद्र आता पूर्वीसारखा लवकर आणि जाड गोठत नाही, कुत्र्यांच्या गाड्या बर्फावर घालायचे दिवस कमी झालेत, हे त्यांना कुठल्याही मोहिमेशिवाय ठाऊक आहे. पुढच्या रविवारी त्यांच्यावर लिहा.

शेवटी छायाचित्राबद्दल. ध्रुवावरचे म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या छायाचित्रात पाच जण आहेत. आपण कात्री लावून मधला हेन्सन तेवढा ठेवला. जागेची अडचण होती म्हणावे, तर शेजारी अर्धे पान गाद्यांची जाहिरात आहे. अंतराची दुरुस्ती छापाल तेव्हा छायाचित्र अख्खे छापा आणि खाली डावीकडून नावे द्या: ऊकिया, ऊटा, हेन्सन, एगिंगवा, सीग्लू.

आपला,
एक वर्गणीदार, मिरज