उचल देण्याआधी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मंगळवार पेठेतल्या घराचं काम काढताय, तर कॉन्ट्रॅक्टरला उचल द्यायच्या आधी एवढं वाचा. ओळखीचा माणूस आहे, कागद कशाला, हे काही मला पटत नाही. ओळखीत कुणी लिहून घेत नाही, म्हणून तर भांडणं होतात. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सरळ मराठीत लिहा: काम कुठलं, दर काय, माल कुणाचा, राडारोडा कोण उचलणार. या राडारोड्यावरून शेवटी हमखास वाजतं.

उचल दहा टक्क्यांच्या वर नको. "माल भरायचाय, निम्मे आधी द्या" म्हणाला, तर माल आपणच आणायचा. पैसे थेट दुकानदाराला, बिल बाबांच्या नावावर. नाहीतर तुमचे पैसे दुसऱ्याच साइटवर फिरतात, दुकानात उधारी राहते आणि आपलं काम अर्ध्यावर अडतं.

खरा घोळ मोजमापात असतो. प्लास्टरचा दर ब्रासवर, म्हणजे 100 चौरस फुटांवर. 12 बाय 10 ची, 10 फूट उंचीची खोली धरा: चार भिंतींचे 440 चौरस फूट. त्यात 7 बाय 3 चं दार आणि 4 बाय 4 ची खिडकी, मिळून 37 चौरस फूट. हे वजा करायचे की नाही, इथंच जुंपते. बांधकाम कसं मोजायचं ते सांगणाऱ्या भारतीय मानक (IS) 1200 प्रमाणे, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखंच प्लास्टर असेल तर अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडकीची वजावट एकाच बाजूला होते. दुसऱ्या बाजूची होत नाही, ती दार-खिडकीच्या कडांना केलेल्या प्लास्टरच्या बदल्यात जिरते. गवंडी सहसा काहीच वजा करत नाहीत. कुठलीही रीत चालेल, पण दर ठरतानाच लिहा. टेप दोघांनी मिळून धरायची, वहीत दोघांच्या सह्या.

आई, "ओटा जरा वाढवून दे की" असं तू चहा देता देता म्हणशील, आणि तेच बिलात एक्स्ट्रा म्हणून येईल. आधी दर व्हॉट्सॲपवर मागव, मग हो म्हण.

हप्ते तारखेवर नकोत, कामावर द्या. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की फरशीआधी 48 तास पाणी साठवून ठेवा. खालच्या छताला ओल आली नाही तरच तो हप्ता. फरशी बसल्यावर गळती निघाली तर फोडायचा खर्च कुणाचा, हा वाद मिटत नाही. शेवटचे दहा टक्के रोखून ठेवा. त्यातले गच्चीच्या कामाचे पैसे एक पावसाळा काढल्यावरच द्यायचे, हेही कागदात हवं.

पैसे चेकनं किंवा यूपीआयनं, कशाचा हप्ता ते लिहून. रोख दिलेत तर पावती घ्याच. मजुरांचा पगार परस्पर देऊ नका. द्यावाच लागला तर कॉन्ट्रॅक्टरकडून लिहून घेऊन हप्त्यातून वळता करा.

काम टाकून गेलाच, तर दुसरा माणूस लावण्याआधी झालेल्या कामाचे फोटो आणि मोजमाप घ्या, स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे: मुदत दोन वर्षं, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही.

दराचा कागद आला की सही करण्याआधी मला फोटो पाठवा. वजावटीची ओळ आहे का, तेवढं बघतो.

तुमचा,
बाळू