चि. निनाद यास पत्र: समोरच्याची देहबोली वाचताना

॥ श्री ॥

दांडिया बाजार, बडोदे

चि. निनाद यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मुलाखती घेणाऱ्यांत तुझी निवड झाली याचा तुझ्या बाबांना आणि मला फार आनंद झाला. मात्र पत्रातला एक मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचला. दाहोदकडचा एक मुलगा लेखी परीक्षेत सर्वांत पुढे होता. पण उत्तरे देताना तो टेबलाकडे पाहत होता, बोटे एकमेकांत घट्ट गुंफून बसला होता आणि दर उत्तराआधी थांबत होता, म्हणून ‘आत्मविश्वास नाही, काहीतरी लपवतो आहे’ असा शेरा तू लिहिलास. एखाद्याच्या पोटापाण्याचा निर्णय अशा शेऱ्यावर होणार असेल, तर त्याविषयी सविस्तर लिहिणे मला भाग आहे.

खाली पाहण्याचेच घे. ‘वर तोंड करून बोलू नकोस’ हे आपल्या किती घरांत मुलांना ऐकवले जाते! वडीलधाऱ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणे हा उद्धटपणा, असे वीस वर्षे मनावर बिंबवलेला मुलगा तुमच्या थंडगार खोलीत तीन अनोळखी अधिकाऱ्यांसमोर बसतो, तेव्हा त्याची नजर खाली जाते ती संस्काराने. शाळेत शिकवताना माझ्या वर्गात अशी कितीतरी मुले असत. प्रश्न विचारला की मान खाली जाई, आणि त्याच मुलाला फळ्यापाशी बोलावून हाती खडू दिला की गणित अचूक सुटे. उलट ‘समजले का?’ या प्रश्नावर पहिल्या बाकावरून जोरजोराने हलणाऱ्या माना मी कधीच पुरावा म्हणून धरल्या नाहीत.

खोटे बोलणारा नजर चुकवतो, ही समजूत केवळ आपली नव्हे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पन्नासांहून अधिक देशांतील लोकांना विचारले गेले, तेव्हा सर्वाधिक मिळालेले उत्तर हेच होते. परंतु प्रत्यक्ष मोजमाप केले असता नजर आणि खोटेपणा यांचा भरवशाचा संबंध आढळत नाही. त्याच वर्षी चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २०६ अभ्यास आणि त्यांत खरे-खोटे ओळखायला बसवलेली चोवीस हजारांहून अधिक माणसे यांचा एकत्र हिशेब मांडला. ती सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर ठरली होती. नाणे उडवूनही ५० टक्के मिळतात, हे लक्षात घे.

तुमच्या प्रशिक्षणात संवादाचा ९३ टक्के भाग अशाब्दिक असतो असे शिकवले, हेही तू लिहिले आहेस. हा आकडा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आला. त्यांत सुटे सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवले, सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली आणि बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढेच ओळखायला सांगितले. शब्द एक सांगतो आणि स्वर किंवा चेहरा दुसरेच सांगतो, अशा प्रसंगी लोक कशावर विसंबतात, हा तिथला प्रश्न होता. भावना आणि आवडनिवड यांच्यापलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केले आहे. यंत्राचा दोष कसा शोधावा हे समजावणाऱ्या मुलाच्या बोलण्यातला फक्त सात टक्के अर्थ शब्दांत असतो, हे तुला स्वतःला तरी पटते का?

सूरसागर तलावाच्या काठावरच्या आपल्या संगीत महाविद्यालयात अभिनय शिकणाऱ्या मुली ज्या नाट्यशास्त्राचा अभ्यास करतात, त्यात भरतमुनींनी स्तंभ (अंग ताठणे), स्वेद (घाम), रोमांच, अश्रू असे आठ सात्त्विक भाव, म्हणजे मनातल्या भावनेने शरीरावर उमटणारी चिन्हे, सांगितले आहेत आणि प्रत्येकाची कारणेही दिली आहेत. अश्रूंची कारणे पाहा: आनंद, क्रोध, भय, शोक हे तर आहेतच; पण धूर, काजळ, जांभई, थंडी, रोग आणि टक लावून पाहणे हेही त्यात आहे. घामाच्या कारणांतही भीती आणि लज्जा यांच्याबरोबर श्रम आणि उष्मा येतात. नटाला कारण आधी ठाऊक असते आणि तो चिन्हाकडे जातो. तू मात्र चिन्हावरून कारणाकडे जातोस, आणि तो रस्ता फार घसरणीचा आहे. बाबांच्या ताटातली भाजी तशीच राहिली की त्यांचे काय बिनसले हे मला कळते. पण त्यामागे वर्षानुवर्षांचा सहवास आहे. वीस मिनिटांच्या ओळखीत तेवढा हक्क कुणालाच मिळत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगते. मुलाखतीत दोन शरीरे एकमेकांशी बोलत असतात, आणि दुसरे शरीर तुझे असते. १९७४ साली वर्ड, झॅना आणि कूपर या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टन विद्यापीठात केलेले दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रयोगात गोरे विद्यार्थी मुलाखत घेत होते. समोर कृष्णवर्णीय उमेदवार असला की ते खुर्ची दूर ठेवत, बोलताना अधिक अडखळत आणि मुलाखत सुमारे पाव वेळ आधीच संपवत. यात आपण काही वेगळे करतो आहोत, याची त्यांना कल्पना असेलच असे नाही. दुसऱ्या प्रयोगात मुलाखतकारांना मुद्दाम तयार केले गेले, आणि त्यांनी हेच दुरावलेले वागणे काही गोऱ्या उमेदवारांशी केले. तेव्हा तेही गोरे उमेदवार चाचरू लागले, आपली खुर्ची मागे ठेवू लागले, आणि परीक्षकांना ते घाबरट आणि कमी लायक वाटले. म्हणजे परीक्षकांनी जो उमेदवाराचा स्वभाव मानला, ते मुलाखतकाराच्या बसण्याला मिळालेले उत्तर होते. हे वाचल्यापासून मला तुझ्या त्या खोलीचा विचार सुटत नाही. मुलगा थांबत होता तेव्हा तू काय करत होतास? लॅपटॉपमध्ये पाहत होतास का? घड्याळाकडे नजर गेली का? त्याचे पहिले उत्तर संपल्यावर कुणी मान डोलावली का? निवड अजून जाहीर झाली नसेल, तर त्याला पुन्हा एकदा बोलाव, अशी माझी तुला कळकळीची सूचना आहे.

देहबोलीकडे दुर्लक्ष कर, असे मी मुळीच म्हणत नाही. चेहरा पडला, आवाज बदलला, हात थांबला, तर काहीतरी घडले आहे एवढे त्यातून जरूर कळते, आणि त्यावर तुझा पुढचा प्रश्न उभा राहावा. ‘जरा विचार करायला वेळ हवा आहे का?’ किंवा ‘हा प्रश्न गुजरातीत सांगू का?’ एवढे विचारल्याने निम्मे गैरसमज तिथेच मिटतात. तोंडी परीक्षा घेताना मी नेहमी मुलाचे उत्तर आधी शब्दशः लिहून गुण देत असे. तो कसा उभा होता, कसा बोलला, याची नोंद कागदाच्या मागच्या बाजूला करी आणि ती सर्वांच्या परीक्षा झाल्यावरच वाची. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारण्याचा नेमही मी पाळला. पुढच्या महिन्यातल्या मुलाखतींसाठी तू काढलेले प्रश्न मला पाठव. ज्या प्रश्नांची उत्तरे कागदावर, पाटीवर किंवा हातांनी करून दाखवता येतील, ते मी वेगळे काढून देईन.

तुझी,
आई