चार डॉलर 37 सेंट

पिट्सबर्ग, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, घाल शिव्या आणि मोकळा हो. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो.

दादाने मुखत्यारपत्र पाठवलंय. उरणच्या खाडीलगतच्या खलाटीतलं शेत विकून टाकायचं म्हणतो. मुंबईचा पूल झाल्यापासून गुंठ्याचे भाव ऐकून त्याला झोप नाही. मी सही करणारच होतो, पण मध्येच इथून दोन तासांवरच्या पिटहोल या उजाड गावाला जाऊन आलो. कागद अजून गाडीतच पडलाय.

अरे, तिथे काही नाही. उतारावर गवत. पूर्वी जिथे रस्ते होते तेवढ्याच पट्ट्या कापून ठेवतात. मध्ये तळघरांचे खड्डे, एकात बेडूक ओरडत होते. जानेवारी 1865 मध्ये होल्मडन नावाच्या शेतकऱ्याच्या रानात तेल लागलं. मेमध्ये प्लॉट पाडले, सप्टेंबरपर्यंत पंधरा हजार माणूस आणि पन्नासच्या वर हॉटेलं! चिखलात घोडे पोटापर्यंत रुतायचे. पिंपं वाहणारे गाडीवाले मनाला येईल ते भाडं मागायचे. त्याच वर्षी एकाने दोन इंची नळ पाच मैल टाकून तेल थेट रेल्वेपाशी नेलं, तर या गाडीवाल्यांनी नळच उखडले. मला तुझे अण्णा आठवले, पहिल्या रिक्षेला टांगा आडवा घालणारे.

मग विहिरी आटल्या, आगी लागल्या. 1866 संपताना दोनेक हजार लोक उरले. 1878 मध्ये तिथली एक जागा लिलावात 4 डॉलर 37 सेंटला गेली. तेवढ्यात माझी इथली कॉफी येत नाही.

तू म्हणशील, उरण म्हणजे पिटहोल नव्हे, आपल्या समुद्रातलं तेल अजून येतंय. मान्य. पण तुम्ही जमीन दिलीत तेव्हा एसटी स्टँडवर, चारचौघांत, मी तुला "पैशाला हपापलेला" म्हणालो होतो. तू एवढंच म्हणालास, "तुझ्यावर येऊ दे वेळ." आली रे. आणि भाव ऐकून मीही मनात गुणाकार केला, तोही दोनदा. हे दादाला सांगू नकोस, बायकोलाही मी सांगितलेलं नाही.

वहिनींची बदली झाली का? चिनूची दहावी ना यंदा? पुढच्या पत्रात नीट विचारीन.

आधी एक कर. खलाटीत जाऊन ये. उघाडीचं दार धड आहे का, भरतीचं पाणी आत शिरतं का, बांधावरची भेंड उभी आहे का, ते बघ. फोटो नको, लिहून कळव. दादाचा फोन मी तोवर उचलत नाही.

तुझा,
सुऱ्या