उंटाच्या चालीचा नाच

प्रिय वैशू,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस गं. मंगळागौरीला तुम्ही पहाटेपर्यंत जागलात तो व्हॉईस मेसेज मी तीनदा ऐकला, आणि दर वेळी वाटलं की इथल्या सोमाली लग्नात पाहिलेले नाच वैशूला सांगायलाच हवेत, म्हणून आता सगळं सविस्तर लिहितेय.

इथे अमेरिकेत, मिनियापोलिसमध्ये, पूर्व आफ्रिकेतल्या सोमालियाकडचे सोमाली लोक खूप आहेत. माझ्यासोबत ड्युटीला असते ना, तिच्या बहिणीच्या लग्नाला गेले होते. बायकांचा हॉल वेगळा, सगळ्याजणी दिरा म्हणजे झिरझिरीत लांब झग्यात, धुपाचा वास नुसता भरून राहिलेला. मग साठीची एक मावशी उठली आणि बुरानबुर म्हणायला लागली. बुरानबुर हे बायकांचं काव्य, रचायचं पण बायकांनीच. ती ओळ म्हणणार, बाकीच्या टाळ्या आणि ढोलावर ठेका धरणार, मधे एक-दोघी खांद्यावरची ओढणी दोन्ही हातांत पसरून पाय आपटत नाचणार. मैत्रीण कानात अर्थ सांगत होती, तर त्या ओळींत नवरीचं कूळ, नवऱ्याचं कूळ, त्यांचे पूर्वज, असं सगळं कौतुक होतं! त्यांच्यात लहान पोरांकडूनसुद्धा बापाकडच्या पूर्वजांची नावं पाठ करून घेतात, त्याला अब्तिरसी म्हणतात. सोमाली भाषेला अधिकृत लिपीच मिळाली 1972 साली, तोवर बहुतेक सगळं तोंडीच जपलेलं.

पण मी हरखले ती डांतो बघून. हा ओगादेनकडचा नाच, म्हणजे आता इथिओपियात असलेला जिगजिगाकडचा सोमाली मुलूख, मूळचा ओगादेन कुळाकडचा. समोरासमोर रांगा, एकजण गातो बाकीचे ओळ उचलतात, आणि नाचणाऱ्याची मान पुढे-मागे, खांदे सैल, पाऊल असं डौलात टाकतात की डोळ्यासमोर उंटच चालायला लागतो. अगं ज्यांचं अख्खं आयुष्य उंटांमागे गेलं त्यांच्या अंगात ती चाल भिनणारच ना. घरसुद्धा मोडून उंटावर लादायचं, मग ढोल-बिल कुठे वाहत बसणार, म्हणून भटक्या लोकांच्या नाचात टाळ्या आणि पायांचाच ठेका जास्त. दक्षिणेला नद्यांकाठी शेती आहे, तिकडे ढोल आले. तिकडेच शबेल्ले नदीवर अफगोये गाव आहे, सोमालियाची राजधानी मोगादिशूपासून साधारण 30 किलोमीटर, तिथे त्यांच्या नव्या वर्षाला इस्तुंका होतो, नदीच्या दोन काठांचे लोक काठ्या घेऊन लुटुपुटूची लढाई करतात, गाणी आणि नाच सोबत. पूर्वी म्हणे कुऱ्हाडी आणि खंजीर असायचे.

मी मैत्रिणीला एकदा सहज विचारलं होतं, तुझं कूळ कुठलं गं? ती गप्प झाली. नंतर कळलं, 1991 साली सोमालियातलं सरकार कोसळल्यावर कुळाकुळांत जे रक्त सांडलं त्यात तिच्या घरचे गेलेत, तो प्रश्न असा येताजाता विचारायचाच नसतो. मला फार लागलं ते, अजून लागतंय. पण त्या रात्री डांतो सुरू झाल्यावर कोपऱ्यातल्या एका आजी काठी टेकून उभ्या राहिल्या, गुडघे धड वाकत नव्हते तरी मान बरोबर तालात. कुणी काही विचारलं नाही, आणि त्या कुठल्या ते सगळ्यांना कळलं.

मग त्यांनी मलाच ओढलं मधे. मला दुसरं काय येतंय, मैत्रिणीचे हात धरले आणि फुगडी घातली, फुंकरसुद्धा मारली! हॉलभर टाळ्या. आजींनी जवळ बोलावून विचारलं, हा नाच कुणाकडचा? मी म्हटलं, आमच्या साताऱ्याकडचा, माझ्या आईकडून आलेला. त्यांनी माझा हात किती वेळ सोडलाच नाही.

आता एक काम कर, काकूंकडून झिम्म्याची गाणी रेकॉर्ड करून पाठव, दम लागला तरी चालेल, पण त्यांच्याच आवाजात. मैत्रिणीनं मागितलीयत.

तुझीच,
माधवी